लाथ लटकी नसते: ‘निसर्गाचं कुलूप’ या फॉरवर्डला उत्तर

‘निसर्गाचं कुलूप’ नावाचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. बारावीतल्या पुतणीनं तो जीवशास्त्राच्या प्रकल्पवहीत जसाच्या तसा उतरवला आणि खाली प्रामाणिकपणे ‘संदर्भ: व्हॉट्सअ‍ॅप’ असं लिहिलं. त्यामुळे हे उत्तर लिहिणं भाग पडलं.

संदेश वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक जातीच्या नर भुंगेऱ्याचं जननेंद्रिय म्हणजे किल्ली, मादीचं म्हणजे कुलूप. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागतच नाही. कुलूप आणि किल्ली एकाच क्षणी बदलल्याशिवाय नवी जात होणार कशी? म्हणजे उत्क्रांती खोटी. खुद्द डार्विननं जननेंद्रियं लैंगिक निवडीतून, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून होणाऱ्या निवडीतून, वगळली होती. सगळ्यात मोठ्या शिंगाचा नरच बाप होतो. ब्राझीलच्या गुहेत म्हणे मादीला शिश्न असलेला भुंगेरा सापडला. आणि या सगळ्यावर कळस: कडधान्यातली मादी मीलनाच्या वेळी नराला लाथा मारते तो ‘लटका राग’ असतो, मादीच्या नकारात निसर्गानंच होकार ठेवलाय, माणसानं यातून शिकावं.

कळसापासूनच सुरुवात करू. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे किंवा अर्धवट आहेत, हा घातक आहे.

संदेशातला ‘कडधान्यातला भुंगा’ म्हणजे कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस. चवळीच्या बरणीत सापडतो तोच. तीन-साडेतीन मिलिमीटरचा, तपकिरी, पाठीवर काळसर डाग. याला सोंड नसते, त्यामुळे तांदळातल्या सोंड्याशी गल्लत नको. मादी दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवते, अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते, आतच कोष करते आणि प्रौढ झाल्यावर सालीला गोल झाकण कापून बाहेर येते. बाहेर आल्यावर बरणीत त्या किड्याला खायला काही नाही, प्यायला पाणी नाही. हातात दहा-बारा दिवस असतात. जे काही करायचं ते तेवढ्यात.

नराच्या शिश्नाच्या टोकाला कडक, तपकिरी काट्यांचे झुबके असतात. एरवी ते आत दुमडलेले असतात. मादीच्या शरीरात गेल्यावर टोकाची पिशवी रक्तद्रवाच्या दाबानं फुगते, मोजा उलटा करावा तशी आतली बाजू बाहेर येते आणि काटे बाहेरच्या अंगाला उभे राहतात. ते मादीच्या प्रजननमार्गाच्या भिंतीत रुततात, तिला भोकं पाडतात. कीटकांच्या जखमा मेलॅनिननं बुजतात, म्हणून अशी मादी नंतर उघडून पाहिली की भिंतीवर गडद तपकिरी ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बुजलेली जखम.

आता लाथ. नर पाठीवर चढतो, मीलन सुरू होतं, पहिला काही वेळ मादी शांत असते. उत्तरार्धात ती मागच्या दोन्ही पायांनी नराला ढकलू लागते, लाथा झाडते, त्याला ओढत चालायला लागते. शेवटी नर सुटतो. सगळा प्रकार काही मिनिटांचा.

शेफील्ड विद्यापीठातल्या हेलन क्रजिंग्टन आणि माइक सिवा-जोथी यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये यावरचं काम छापलं, आणि प्रश्न अगदी सरळ विचारला. मादीला लाथ मारताच आली नाही तर काय होतं? लाथ लटकी असेल तर काहीच फरक पडायला नको. प्रत्यक्षात मीलन लांबलं आणि जखमा वाढल्या. म्हणजे लाथेमुळे मीलन आटोपतं आणि इजा कमी होते; लाथेचं काम तेच आहे. त्याच कामात आणखी एक गोष्ट दिसली: दोनदा मीलन झालेल्या माद्या एकदाच झालेल्यांपेक्षा लवकर मेल्या.

‘लटका राग’ कुठून आला ते कळत नाही. ज्यानं लिहिलं त्यानं चवळीची बरणीही उघडून पाहिलेली दिसत नाही, मादी उघडून पाहणं तर लांबच.

इथे एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, आणि नाइलाजानं करतोय, कारण संदेशवाल्याला तिचा पत्ताच नव्हता. माद्या पुन्हा मीलन करतात, आणि प्रत्येक वेळी तो जुलूमच असतो असं नाही. पहिल्यांदा मीलन करणारा नर आपल्या वजनाच्या सुमारे पाच ते दहा टक्के वीर्यद्रव मादीला देतो. त्यात पाणी असतं. ज्या माद्यांना प्यायला पाणी मिळत नाही त्या जास्त वेळा मीलन करतात, हे २००७ साली मार्टिन एडवर्डसन यांनी दाखवलं. म्हणून मीलनाचा जमाखर्च मांडताना पाणी आणि जखम दोन्ही बाजूंना धरावं लागतं. कोरड्या बरणीतल्या मादीचा हिशेब आणि पाणी मिळणाऱ्या मादीचा हिशेब एक येत नाही, आणि आयुष्य नेमकं कशामुळे किती घटतं यावर प्रयोगाप्रयोगांत मतभेद आहेत. पण तहानेनं मीलन करणारी मादीसुद्धा वेळ झाली की लाथ मारते. पाणी घेऊन झालं, आता सूट.

मग नराला काटे हवेत कशाला? मादी लवकर मेली तर त्याचंही नुकसानच ना? याचं सगळ्यात पक्कं उत्तर स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातून आलं. कोसिमा हॉट्झी, मिखाल पोलाक, योहाना रॉन आणि गोरान आर्नक्विस्ट यांचा २०१२ सालचा ‘करंट बायॉलॉजी’मधला शोधनिबंध. तो नीट समजून घ्या. त्यांनी काट्यांची लांबी दोन वेगवेगळ्या वाटांनी कमी-जास्त केली. एक वाट निवडीची: लांब काट्यांचे नर वेगळे, आखूड काट्यांचे वेगळे, असं पिढ्यान् पिढ्या पैदाशीनं वळण लावलं. दुसरी वाट लेझरची: जिवंत नराच्या काट्यांची टोकं सूक्ष्म लेझरनं उडवली. दोन वाटा का? नुसती पैदास केली तर काट्यांबरोबर आणखी कुठला गुण ओढला गेला का ही शंका राहते. नुसतं लेझर वापरलं तर शस्त्रक्रियेनंच नर खचला का ही शंका राहते. दोन्हींचं उत्तर एकच आलं तर शंकेला जागा फार उरत नाही. आणि ते एकच आलं. मादीनं दोन नरांशी मीलन केलं की आखूड काट्यांच्या नराच्या वाट्याला कमी पिल्लं येतात.

कारणही त्यांनी शोधलं. लांब काट्यांच्या नराचा वीर्यद्रव मादीच्या प्रजननमार्गातच न राहता भिंतीतून पार होऊन तिच्या शरीरात जास्त प्रमाणात उतरतो. काटा हा एका अर्थी सुईचं काम करतो. जखम करणं हा नराचा ‘हेतू’ नाही, तो दुसऱ्या नरांशी चाललेल्या चढाओढीचा खर्च आहे, आणि तो खर्च मादीच्या खात्यात पडतो. मादीनंही हात जोडलेले नाहीत: तिच्या मार्गाची भिंत जाड असते आणि भिंतीला स्वतःचे काटे असतात. कडधान्य-भुंगेऱ्यांच्या वेगवेगळ्या जाती शेजारी ठेवून पाहिल्या तर नराचे काटे जितके जहाल तितकी मादीची भिंत जाड, असा मेळ दिसतो. हे २००७ सालचं काम, त्याच गटाचं.

राहिला ‘माणसानं शिकावं’ हा भाग. माणसाच्या नकाराचा अर्थ नकार असाच आहे, आणि तो ठरवायला चवळीची बरणी उघडावी लागत नाही. तीन मिलिमीटरच्या किड्यावरून माणसाची नीती काढायची हा बादरायण संबंध आहे. उलट्या बाजूनं, म्हणजे लाथेचा आदर्श घ्या म्हणूनही, तो लावू नये.

आता कुलूप-किल्ली. ही कल्पना या संदेशाची नाही, चांगली जुनी आहे. लेऑं द्यूफूर नावाच्या फ्रेंच डॉक्टर-कीटकतज्ज्ञानं ती १८४४ साली मांडली. तिला पाय फुटण्याचं कारण वर्गीकरणवाल्यांच्या टेबलावर आहे. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन जाती नराच्या शिश्नावरून झटकन वेगळ्या ओळखता येतात, हे खरं आहे. संदेशातही तोच पुरावा म्हणून दिलाय. पण टेबलावर नेमकं काय होतं ते पाहा.

वाळलेला भुंगेरा आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मऊ करतात. मग वाकवलेल्या बारीक टाचणीनं पोटाच्या टोकातून शिश्न ओढून काढतात आणि दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात टाकतात. गरम पाण्यात ठेवलेल्या नळीत पाच-दहा मिनिटं, नाहीतर थंडच रात्रभर. नळी थेट ज्योतीवर धरायची नाही, द्रावण उसळतं आणि डोळ्यांत उडतं. मग पाण्यानं धुवायचं, एक थेंब पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, आणि शेवटी ग्लिसरीनमध्ये. पोटॅश स्नायू, चरबी, सगळे मऊ ऊतक विरघळवतो. कडक, तपकिरी भाग उरतो, पातळ पडदे राहिले तरी काचेसारखे पारदर्शक होतात. जास्त उकळलं तर फाटतात. नराचा कडक भाग सुरेख दिसतो. मादीचा बहुतेक मार्ग मऊ असतो, तो या प्रक्रियेत नाहीसा होतो किंवा दिसेनासा होतो. काट्यांच्या जखमा बघायच्या असतील तर मादी ताजी असताना मिठाच्या सौम्य पाण्यात उघडावी लागते, पोटॅशला हातही लावायचा नाही. म्हणजे ‘कुलूप’ बघितलंच जात नाही. नुसत्या किल्ल्यांचा जुडगा बघून प्रत्येक दाराला वेगळं कुलूप असणार असं ठरवलेलं आहे. वर्गीकरणाला ओळखीची खूण पुरते. ती खूण तशी का झाली हा वेगळा प्रश्न, आणि वर्गीकरण त्याचं उत्तर देत नाही.

दुसऱ्याची किल्ली लागत नाही म्हणता? कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस हा मॅक्युलॅटसचा चुलतभाऊ, मुगात-हरभऱ्यात असतो, आणि दोघे एकाच फडताळात सहज भेटतात. चायनेन्सिसचा नर मॅक्युलॅटसच्या मादीशी मीलन करतो. किल्ली आत जाते. त्या मादीची अंडी मग घटतात, कारण परक्या नराच्या काट्यांनी तिच्या मार्गाला इजा होते. जपानमधल्या कियोगोकु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं. काटे जितके मोठे तितकं परक्या मादीचं नुकसान जास्त. कुलपानं दार अडवलं असतं तर हे घडायलाच नको होतं.

पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याचं, ट्रायबोलियमचं, तर आणखी विचित्र. त्याच्या शिश्नावर आधीच्या नराचे शुक्राणू अडकून येतात, आणि पुढच्या मादीशी मीलन झालं की ते तिच्यात उतरतात. म्हणजे जो नर त्या मादीला कधी भेटलाच नाही, तोच तिच्या काही पिल्लांचा बाप. किल्लीला चिकटून शेजाऱ्याची किल्ली आली म्हणायचं का याला?

कुलूप-किल्लीची परीक्षा सरळसुद्धा घेता येते. आर्नक्विस्ट यांनी ती १९९८ साली घेतली. ज्या कीटकांत मादी आयुष्यात एकदाच मीलन करते तिथे चुकीच्या जातीचा नर मिळाला तर सगळी अंडी वाया. तेव्हा कुलपाची गरज तिथे सर्वांत जास्त, आणि जननेंद्रियांतला फरकही तिथेच जास्त असायला हवा. ज्या माद्या अनेकदा मीलन करतात त्यांना चूक सुधारायची संधी असते. १९ जोड्या घेऊन तुलना केली तर उत्तर नेमकं उलटं आलं: अनेकदा मीलन करणाऱ्या गटांत नरांच्या जननेंद्रियांतला फरक दुपटीपेक्षा जास्त. नर एकमेकांशी चढाओढ करतात, मादी कोणाचे शुक्राणू वापरायचे ते आतल्या आत ठरवते, तिथेच अवयवांचे आकार वेगानं पालटतात.

एक अपवाद द्यायलाच हवा, नाहीतर मीही संदेशवाल्याच्या पंगतीत बसेन. जपानच्या किनकी भागात ओहोमोप्टेरस गटाचे जमिनीवरचे भुंगेरे आहेत. त्यांच्या नराला मीलनाच्या वेळी मादीच्या आतल्या एका खास खिशात शिरणारा कडक आकडा असतो. कॅराबस मायासानस आणि कॅराबस इवावाकियानस या दोन जाती जिथे एकत्र येतात तिथे गल्लत झाली की नराचा आकडा मोडतो, मादीचा पडदा फाटतो, माद्या मरतात. सोता आणि कुबोता यांनी १९९८ साली हे छापलं. कुलूप-किल्लीला जवळचं उदाहरण कुठलं असेल तर हेच. पण इथेही कुलूप दार अडवत नाही. मीलन होतं आणि मग दोघांची मोडतोड होते. एका गटातल्या अर्ध्या खऱ्या गोष्टीवरून भुंगेऱ्यांच्या चार लाख जातींना नियम लावायचा म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं.

(अ‍ॅलिओकारा ट्रिस्टिस नावाच्या भुंगेऱ्याचं शिश्न शरीराच्या दुपटीहून लांब असतं, आणि मीलनानंतर ते परत आत घेताना गुंता होऊ नये म्हणून नर ते खांद्यावर टाकून मग आत ओढतो. दोरखंड गुंडाळताना माणूस करतो तसं. एवढ्या लांब किल्लीचं कुलूप कोणत्या दुकानात मिळतं?)

‘दोन्ही एकाच क्षणी बदलायला हवेत’ हा मुद्दा ऐकायला जोरदार वाटतो. तो तपासून झालेला आहे, आणि तपासणारा किडा परत आपला मॅक्युलॅटसच. ऑस्ट्रेलियातल्या केयेटानो आणि सहकाऱ्यांनी आठ वसाहतींत प्रत्येक मादीला एकच नर दिला आणि आठ वसाहतींत नेहमीसारखी अनेकांशी मुभा ठेवली. १८ ते २१ पिढ्यांत, म्हणजे या किड्याच्या बाबतीत जेमतेम दोन वर्षांत, एकनर वसाहतींतल्या मोठ्या नरांचे काटे इतर वसाहतींच्या मानानं आखूड झाले. मादीच्या अवयवांत मोजता येईल असा बदल झालाच नाही. किल्ली बदलली, कुलूप होतं तसंच राहिलं, आणि वसाहती मजेत चालू राहिल्या. २०११ सालचा हा निबंध शोधून वाचा. एकाच वेळी दोन्ही बदलले पाहिजेत या दाव्याचं तिथे काही उरत नाही.

डार्विनचा मुद्दा खरा आहे. अर्धा. १८७१ साली लैंगिक निवडीची मांडणी करताना त्यानं शिंगं, रंग, आवाज अशी दुय्यम लक्षणं घेतली आणि प्रत्यक्ष जननेंद्रियं नैसर्गिक निवडीकडे सोडली. पण त्यानंतर शंभर-दीडशे वर्षं गेलीत. १९७० साली जेफ्री पार्कर यांनी एकाच मादीच्या आत दोन नरांच्या शुक्राणूंची स्पर्धा होते हे मांडलं. १९७९ साली जोनाथन वाग यांनी दाखवलं की टाचणी नावाच्या, चतुराच्या नात्यातल्या कीटकाचा नर स्वतःचे शुक्राणू सोडण्याआधी शिश्नानं आधीच्या नराचे शुक्राणू खरवडून काढतो. १९८५ साली विल्यम एबरहार्ड यांनी मादी आतल्या आत निवड करते हा विचार जननेंद्रियांच्या आकारांना लावला. डार्विनला हे दिसलं नाही, यात त्याचा दोष नाही. आज दिसत असून डार्विनचं नाव पुढे करणाऱ्याचा आहे.

मोठ्या शिंगाचं आता. कोकणात नारळावर येणारा गेंड्या भुंगा सगळ्यांनी पाहिलाय, शिंग नर-मादी दोघांनाही असतं, नराचं लांब. पण संदेशात ‘जगातला सगळ्यात ताकदवान भुंगेरा’ म्हणून ज्याचा उल्लेख आहे तो शेणातला ऑन्थोफॅगस टॉरस. स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट ओढतो, हे खरं. पण तो आकडा देऊन थांबायचं नसतं. या जातीत अळी असताना कमी अन्न मिळालेले नर शिंगाशिवाय वाढतात. शिंगवाला बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, बिनशिंगी त्याला चुकवून आत शिरतो आणि मीलन करून येतो. त्याच वंशातल्या दुसऱ्या एका जातीत तर असे नर बाजूनं वेगळा बोगदा खणून आत जातात. बापही होतात. शिवाय शिंग फुकट येत नाही. ऑन्थोफॅगस नायग्रिव्हेंट्रिसमध्ये अळीच्या अवस्थेत शिंगाच्या पेशी जाळून टाकल्या तेव्हा त्या नरांचे वृषण मोठे झाले. सिमन्स आणि एम्लेन, २००६. जिथे शिंगात गुंतवणूक जास्त तिथे शिश्न लहान, असा हिशेब टॉरसच्या वेगवेगळ्या देशांतल्या वसाहतींतही दिसतो, आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियात ही जात माणसानं नेऊन तेव्हा ५० वर्षंही झाली नव्हती. शिंग मोठं म्हणजे पोरं जास्त, हे समीकरण एवढ्यानंच कोसळतं.

गुहेतली मादी? आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालं, निओट्रोग्ला तिचं नाव, मीलन ४० ते ७० तास चालतं. फक्त ती भुंगेरा नाही. जुन्या पुस्तकांत फिरणाऱ्या बारीक पुस्तककिड्यांच्या नात्यातली आहे. पुढे.

पुतणीच्या वहीतलं ते पान आता फाडायचंच आहे, तर त्या जागी काय घालायचं तेही सांगतो. लाथ स्वतः मोजता येते.

बाजारातून पॉलिश न केलेली चवळी आणायची आणि सालीवर पांढरे ठिपके असलेले दाणे निवडायचे. नुकतं घातलेलं अंडं पारदर्शक असतं. अळी दाण्यात शिरताना भुसा मागे टाकते तेव्हा ते पांढरं होतं. पांढरं म्हणजे आत अळी. दाण्यावर पांढरा ठिपका एकच हवा. दोन असले तर एकाच डबीत दोन किडे निघतात, आपण सकाळी उघडेपर्यंत त्यांचं मीलन होऊन गेलेलं असतं आणि प्रयोग गेला. प्रत्येक दाणा झाकणाच्या वेगळ्या लहान डबीत. २८ ते ३० अंश तापमानात तीन-चार आठवडे, थंडीत जास्त. बाहेर यायच्या आधी सालीवर गोल काळपट खिडकी दिसते. एकही किडा निघाला नाही तर चवळीला औषध किंवा तेल लावलेलं होतं असं समजावं, दुसऱ्या दुकानातून घ्यावी.

किडा मॅक्युलॅटसच आहे ना ते बघायचं. चायनेन्सिसच्या नराच्या मिशा फणीसारख्या असतात आणि मानेच्या मागच्या कडेला मधोमध दोन पांढरे उंचवटे असतात. नर-मादी ओळखायला पोटाच्या शेवटची उघडी पट्टी पाहायची, पंखांच्या कवचाबाहेर राहते ती: मादीत ती मोठी आणि दोन्ही कडांना काळे पट्टे, नरात लहान आणि साधी. बाहेर पडून एक दिवस झालेला नर पांढऱ्या कागदावरच्या उथळ डिशमध्ये आधी सोडायचा, मग मादी. दहापट भिंग आणि फोनचं स्टॉपवॉच पुरतं. तीन क्षण नोंदवायचे: चढला कधी, पहिली लाथ कधी, सुटला कधी. खोली गार असेल तर किडे ढिम्म बसतात, दुपारी करा. वीस जोड्या तरी घ्यायच्या, पाच-सहांवर काही ठरवू नका. लाथ बंद करायला मादीचे पाय कापायचा प्रयोग घरी करायचा नाही. तो शेफील्डमध्ये होऊन गेलाय.

काम झालं की सगळ्या डब्या आणि उरलेली चवळी पिशवीत घट्ट बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये. नाहीतर शेजारच्या तुरीच्या डब्यापर्यंत पोचायला त्यांना एक रात्र पुरते.